पीळ खाणाऱ्या अल्जिनेट पट्ट्या : पावसाळी नोंद

अल्जिनेट म्हणजे समुद्री शेवाळातून काढलेली पावडर, तिचं द्रावण कॅल्शियम लागलं की घट्ट होतं. त्याचा थर वाळवून वर कॅल्शियमच्या रेघा ओढल्या की कापलेली पट्टी पाण्यात आपोआप वळते. सध्याची स्थिती : पाण्यात टाकताच कडं होणारी सरळ रेघांची पट्टी पक्की जमते. 45 अंशांच्या रेघांची पट्टी पीळ घेते, पण सगळ्या पट्ट्यांचा पीळ सारखा येत नाही. कारण बहुतेक वेळा एकच असतं, हिशोबाबाहेरचं कॅल्शियम.

पावडरपासूनच बघा. दातांचे साचे घ्यायची अल्जिनेट पावडर चालत नाही, तिच्यात कॅल्शियम सल्फेट आधीच मिसळलेलं असतं आणि पाणी घातलं की ती काही मिनिटांत घट्ट होते. कापडछपाईचं सोडियम अल्जिनेट स्वस्त पडतं. बेळगावात शहापूर-वडगावकडे हातमागवाल्यांना रंग पुरवणाऱ्या दुकानांत विचारून पाहावं, पण त्यात फॉस्फेट घातलंय का तेही विचारा. ते कॅल्शियम धरून ठेवतं आणि पट्टी बुळबुळीत राहते. खाण्याच्या दर्जाचं मिळालं तर तेच घ्यावं.

पाणी बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड. नळाला राकसकोप धरणाचं येवो की घरचं बोअर असो, दोन्हींवर भरवसा नको. बोअरच्या जड पाण्यात द्रावणाच्या गुठळ्या होतातच, वर तयार पट्टी त्यात सोडली तरी ती अर्धवट वळून थांबते. पट्टी बिघडली असं वाटतं, बिघडलेलं असतं पाणी.

माप : 100 मिली पाणी, 2 ग्रॅम अल्जिनेट, 0.8 ग्रॅम ग्लिसरीन, बुरशीसाठी 0.1 ग्रॅम सोडियम बेंझोएट. पावडर आधी ग्लिसरीनमध्ये कालवा, मगच ढवळत्या पाण्यात सोडा. कोरडी टाकली तर गुठळीचं बाहेरचं अंग फुगतं आणि आतली पावडर तशीच राहते. मिक्सरने बुडबुडे भरतात, म्हणून द्रावण रात्रभर झाकून ठेवायचं. 20 × 15 सेंमी काचेला कडेने पट्टी लावून 90 मिली ओतलं की 3 मिमीचा थर होतो. वाळल्यावर तो साधारण 0.05 मिमी उरतो. काच लेव्हलमध्ये हवी, नाहीतर एका बाजूची पट्टी जाड होते.

या जाडीवरच पुढचं सगळं ठरतं. बाकाची त्रिज्या जाडीच्या पटीत वाढते, टिमोशेंको या अभियंत्याने 1925 साली दोन धातूंच्या जोडपट्टीसाठी मांडलेलं गणित इथेही लागू पडतं. वेळ मात्र जाडीच्या वर्गाने वाढतो, हे तानाका आणि फिलमोर या संशोधकांनी 1979 साली जेल फुगण्याबद्दल दाखवलं. म्हणजे थर दुप्पट केला तर कडं दुप्पट मोठं आणि वळायला चौपट वेळ.

बेळगावच्या पावसात थर तीन-तीन दिवस ओला राहतो. पत्र्याच्या पेटीत बल्ब लावून 45 अंश सेल्सियसच्या आसपास वाळवावं आणि ग्लिसरीन 0.6 ग्रॅमवर आणावं. लाईट गेली तर पेटीचं झाकण उघडून ठेवा, आत दव धरलं की थरावर डाग पडतात. उन्हाळ्यात उलटं होतं, कडा आधी वाळून काचेवरून सुटतात. तेव्हा वरून मलमलचं फडकं आणि ग्लिसरीन 1 ग्रॅम.

रेघा ओढायच्या कॅल्शियम क्लोराईडचं सगळ्यात जास्त सांभाळावं लागतं. पिशवी उघडी राहिली की ते हवेतलं पाणी ओढतं आणि वजन खोटं ठरतं. निर्जल 2 ग्रॅम लिहिलं असेल आणि हाताशी डायहायड्रेट (पाणी धरलेलं रूप) असेल तर 2.65 ग्रॅम घ्या. पावसाळाभर आम्ही कॅल्शियम लॅक्टेटच सुचवतो. ते ओलं होत नाही, पण 2 ग्रॅम निर्जल क्लोराईडच्या जागी 5.5 ग्रॅम लागतं आणि कोमट पाण्यात विरघळवावं लागतं.

आधी काचेवरच्या थरावर 0.3 टक्के क्लोराईडचं द्रावण एक मिनिट पसरून निथळून घ्या. एवढ्याने थर पाण्यात विरघळत नाही, पण फुगायला मोकळा राहतो. पृष्ठभाग सुकला की 5 टक्के क्लोराईडमध्ये 0.5 टक्के झँथन गम (द्रावण दाट करणारी पावडर) मिसळून ब्रशने 2 मिमीच्या रेघा ओढा, मध्ये 2 मिमी जागा. झँथन नसेल तर रेघ पसरते आणि सगळा थर सारखाच घट्ट होतो. तीन मिनिटांनी धुवा, सुकवा, 40 × 5 मिमी पट्ट्या कापा.

रेघ फुगत नाही, खालचं अंग फुगतं, म्हणून पट्टी रेघेच्या दिशेने वळते आणि रेघा आतल्या बाजूला येतात. रेघा लांबीला समांतर असतील तर कडं, आडव्या असतील तर लांब नळी, 45 अंशांवर पीळ. डावा की उजवा ते रेघेचा कल ठरवतो. कांचनाच्या शेंगेची दोन्ही सालं उकलताना उलटसुलट पिळतात, तिथेही आतले तंतू असेच तिरपे असतात.

वळलेली पट्टी सरळ करायला 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, ते पाणी ओढून घेतं. परत पाण्यात टाकलं की पुन्हा पीळ. हे काम बल्बच्या पेटीपासून लांब करा, अल्कोहोल पेट घेतं. 1 टक्का मिठाच्या पाण्यात वळण जोरात येतं, पण सोडियम कॅल्शियमची जागा घेत जातं आणि पट्टी सैल होत शेवटी विरते. सैल वाटताच लगेच 1 टक्का कॅल्शियम क्लोराईडमध्ये बुडवा. खडेमीठ नको, त्यातही कॅल्शियम असतं.

पुढे रेघांऐवजी तांब्याची तार धन टोकाला लावून 9 व्होल्टवर ठसे उमटवायचे आहेत, तांबं अल्जिनेटला कॅल्शियमपेक्षा घट्ट धरतं. ते निळसर पाणी मोरीत किंवा कुंडीत ओतू नका, वेगळ्या बाटलीत साठवा.