जपानी अदलाबदल, सहावा महिना : 'करून राहिला'चा हिशोब

जपानी जोडीदाराबरोबर नेटवरून भाषेची अदलाबदल चालू आहे: तो आपल्याला जपानी शिकवतो, आपण त्याला मराठी. आठवड्याला दोन बैठका, बुधवारी आणि रविवारी, तासाभराच्या. पंचवीस मिनिटं फक्त जपानी, पंचवीस मिनिटं फक्त मराठी, उरलेली दहा चुकांसाठी. या महिन्यात सगळा भर क्रियापदांवर होता. गाडी सुटली तीही तिथंच आणि रुतली तीही तिथंच.

आधी सुटली ते. इंग्रजीतून जपानी शिकवणारी पुस्तकं 'इमा नानि शिते इरु' हे वाक्य उलटं फिरवून समजावतात. आपल्या वऱ्हाडीत ते फिरवायची गरजच नाही. इमा म्हणजे आता, नानि म्हणजे काय, शिते म्हणजे करून, इरु म्हणजे असणं, राहणं. आता काय करून राहिला! पुण्याकडचा 'करत आहे' म्हणेल आणि त्याला 'शिते'चा 'करून' वेगळा पाठ करावा लागेल. यवतमाळ-अमरावतीकडच्या माणसाच्या तोंडात तो आधीच आहे. बोलताना जपानी लोक 'इ' गिळतात आणि 'नानि शितेरु' म्हणतात, आपणही 'राह्यला' असंच तर घाईनं उरकतो.

हा धागा धरला की पुढची जोडक्रियापदं एकाच बैठकीत बसतात. ताबेते मिरु म्हणजे खाऊन पाहणं. काइते ओकु म्हणजे लिहून ठेवणं. ताबेते शिमाउ म्हणजे खाऊन टाकणं. घरातून निघताना जपानी माणूस 'इत्ते किमास' म्हणतो, शब्दशः 'जाऊन येतो'. आपणही निघताना 'जातो' म्हणत नाही. प्रश्नाच्या शेवटचा 'का' तर जशाचा तसा: इकिमास का, जाता का? शब्दयोगी अव्ययंही नामाच्या मागूनच येतात: 'कारा' म्हणजे पासून, 'मादे' म्हणजे पर्यंत, 'मो' म्हणजे ही. म्हणून वहीत जपानी वाक्यासमोर इंग्रजी अर्थ लिहू नका. आपल्या बोलीत लिहा, प्रमाण मराठीतही नको. शब्दांचा क्रम आपोआप बरोबर येतो.

आता रुतली ते. 'करून राहिला' सगळीकडे चालत नाही. ज्या क्रिया एका क्षणात घडून अवस्था बदलतात, तिथं क्रियापदाला जोडलेलं 'ते इरु' म्हणजे ती अवस्था झालेली आहे आणि टिकून आहे. 'तोमोदाचि गा किते इरु' म्हणजे मित्र येऊन राहिला नव्हे, मित्र आलेला आहे, इथंच बसलाय. पाहुणा वाटेत आहे असं सांगायचं असेल तर 'मोउ सुगु त्सुकिमास', आता पोहोचतोच. तसंच 'ओचिते इरु' म्हणजे पडलेलं आहे, 'केक्कोन शिते इरु' म्हणजे लग्न झालेलं आहे, आणि 'शिंदे इरु' म्हणजे मेलेला आहे. आजारी बैल मरून राहिला असं सांगायला गेलात, तर समोरचा लगेच सांत्वन करेल. येणं, जाणं, पडणं, मरणं, लग्न, उघडणं, बंद होणं: या सात क्रियापदांचं वेगळं पान करा आणि प्रत्येक बैठकीत त्यातली दोन मुद्दाम वापरा. 'शिमाउ'लाही एक शेपूट आहे. त्यात बरेचदा हळहळ असते. 'वासुरेते शिमात्ता', विसरूनच गेलो, हे बरोबर. पण यजमानानं वाढलेलं कौतुकानं संपवल्यावर 'ताबेते शिमात्ता' म्हणालात तर खायला नको होतं असा वास येतो.

चुका दुरुस्त करून घेणं हे या पद्धतीतलं सगळ्यात अवघड काम. जपानी जोडीदार मध्येच टोकत नाही. दोन वाक्यं बोललात की 'जोउझु देस ने' म्हणेल, म्हणजे छान बोलता. तो शिष्टाचार आहे, गुण नव्हेत. 'बरोबर आहे का' विचारलं तर 'हो'च येणार. त्याऐवजी 'शिझेन देस का', म्हणजे हे सहज वाटतं का, आणि 'निहोनजिन नारा दो इइमास का', म्हणजे जपानी माणूस कसं म्हणेल, हे दोन प्रश्न विचारा. दुसऱ्याला नुसतं हो-नाही करून सुटता येत नाही, पूर्ण वाक्य द्यावंच लागतं. ते वाक्य वहीत घ्या. एका बैठकीत पाचच. पंधरा घेतली की पुढच्या बुधवारपर्यंत एकही राहत नाही.

हुंकारा विसरू नका. नेटसाठी कॅमेरा बंद ठेवतो, तेव्हा तुम्ही गप्प ऐकत बसलात की पलीकडून 'मोशिमोशि?', म्हणजे हॅलो, येतं, त्याला वाटतं लाइन कटली. दर वाक्याला 'हाइ', 'ए', 'सो देस का' पेरत राहा. हा 'हाइ' म्हणजे ऐकतोय, पटलं असं नव्हे. आपल्या 'हाव'सारखाच आहे म्हणा, तोही अर्धा वेळ नुसता हुंकाराच असतो.

वेळेचं गणित सोपं आहे. जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आणि तिथं ऋतूप्रमाणे घड्याळ बदलत नाहीत, म्हणजे वर्षभर तेच. आपले संध्याकाळचे सहा म्हणजे तिकडे रात्रीचे साडेनऊ. सातनंतर बैठक ठेवू नका, समोरचा जांभया देतो. वेळ ठरवताना 'शिचि-जी' म्हणजे सात आणि 'इचि-जी' म्हणजे एक हे खरखरत्या लाइनवर सारखेच ऐकू येतात. जपानी लोकही अशा वेळी 'नाना-जी' म्हणतात, तुम्हीही तेच म्हणा. वीज गेली आणि पाठोपाठ टॉवरही गेला, तर बैठक रद्द करायची नाही. रेंज आल्यावर प्रत्येकी एकेका मिनिटाचे तीन आवाजी निरोप पाठवायचे, दुसऱ्यानं ऐकून दोन दुरुस्त्या परत द्यायच्या.

मराठीच्या पंचवीस मिनिटांत त्याची अडचण वेगळी. जपानीत लिंग नाही, त्यामुळे तो, ती, ते यावर तो अडखळतोच. तिथं नियम सांगत बसू नका, नाम देताना विशेषणासकट द्या: मोठा वाडा, मोठी विहीर, मोठं वावर. 'ळ'ही त्याला जमत नाही. प्रमाण उच्चार एकदा ऐकवा आणि सांगा की इकडे डोळ्याला 'डोया' आणि काळ्याला 'काया'ही म्हणतात. त्याच्या जिभेला 'य' येतो, चेहरा उजळतो. फक्त 'काय बे' शिकवलंत तर ते कुणाला म्हणायचं नाही हेही त्याच वेळी सांगा. 'भाऊ' लावायची सवय आधी. जपानीत नावापुढे आदरानं लावतात त्या 'सान'ची सवय असल्यामुळे ते चटकन बसतं, मात्र स्वतःच्या नावापुढे 'सान' लावायचं नसतं, हे आपण विसरतो.

पुढच्या महिन्यात देण्याघेण्याची तीन क्रियापदं: आगेरु, कुरेरु, मोराउ. मराठीत मी दिलं काय आणि मला दिलं काय, देणं एकच. जपानीत बाहेर जाणारं देणं आगेरु आणि माझ्याकडे येणारं कुरेरु. मोराउ म्हणजे मिळणं, घेणं. विषय सोयाबीन घ्यायचा ठरलाय, म्हणजे दाइझु. आपल्याकडे सोंगणी झाली की पोतं थेट बाजारात जातं, तिकडे त्याच दाण्याचे मिसो, नात्तो, तोफु, शोयु होतात, त्यामुळे पंचवीस मिनिटं कमीच पडतील. रविवारआधी लिहून ठेवायची वाक्यं: शेजाऱ्यानं मला बियाणं दिलं, मी शेजाऱ्याला बियाणं दिलं, मला शेजाऱ्याकडून बियाणं मिळालं. पहिल्यात कुरेरु. तिथं आगेरु टाकलंत, तर बियाणं तुमच्याकडे आलंच नाही.