गेममधली आवडती बंदूक आणि रेंजवरची आवडती बंदूक: या हिवाळ्याची नोंद

मागच्या नोंदीत मी रुगर १०/२२ या माझ्या .२२ कॅलिबरच्या (०.२२ इंच व्यासाच्या गोळीच्या) रायफलीवरची दुर्बीण उतरवून तिच्या जागी पीप साइट, म्हणजे बारीक भोकातून पाहून नेम धरायची साइट, बसवल्याचे लिहिले होते. त्यानंतरची प्रगती आधी सांगतो. ५० यार्डांवर पोटावर झोपून, स्लिंग (रायफलीचा पट्टा) दंडाला घट्ट आवळून मारलेल्या पाच गोळ्यांचा ग्रुप, म्हणजे कागदावरच्या भोकांचा पुंजका, आता बहुतेक वेळा दीड इंचाच्या आत बसतो. मांडी घालून बसल्यावर तो अडीच-तीन इंचांपर्यंत पसरतो. उभ्याने मारताना मात्र त्याला ग्रुप म्हणावे अशी स्थिती अजून आलेली नाही, आणि सध्याचा सगळा सराव त्याच दिशेने चालू आहे. दुर्बीण काढल्याचा फायदा असा झाला की गोळी सुटण्याच्या क्षणी माशी (नळीच्या टोकावरची पुढची साइट) नेमकी कुठे होती, हे कागदाकडे न पाहता सांगता येऊ लागले आहे. डावीकडे खाली गेली असे मनाशी म्हणावे आणि भोक तिथेच सापडावे, यातले समाधान गेममधल्या कोणत्याही हेडशॉटपेक्षा मला मोठे वाटते.

या हिवाळ्यात आमच्या गटाने आणखी एक उपक्रम केला. आम्ही चौघे पुण्यात शिकत असताना काउंटर-स्ट्राइक १.६ या कॉम्प्युटर गेमवर रात्री जागवलेले मित्र आणि आता योगायोगाने अमेरिकेत ॲरिझोनातल्या फिनिक्सच्या आसपास नोकरीला आहोत. प्रत्येकाने गेममधल्या आपल्या आवडत्या बंदुकांची यादी आधी लिहून काढली, मग त्यांपैकी जितक्या मिळतील तितक्या बेन एव्हरीच्या सार्वजनिक रेंजवर, किंवा भाड्याने बंदुका देणाऱ्या बंदिस्त रेंजवर प्रत्यक्ष चालवल्या आणि शेवटी यादी पुन्हा लिहिली. अपेक्षेप्रमाणे पहिल्या यादीत डेझर्ट ईगल, एके-४७, एडब्ल्यूपी आणि गॅरंड होत्या. आमच्यातल्या एकाचा धाकटा भाऊ बीजीएमआय हा मोबाइलवरचा गेम खेळतो, त्याच्या आग्रहाखातर कार९८के ची भर पडली. एडब्ल्यूपी ज्या आर्क्टिक वॉरफेअर रायफलींवरून घेतली आहे त्या आम्हाला कुठे मिळाल्या नाहीत, त्यामुळे ती यादीतून आपोआप गळली.

सुरुवातीलाच एक गोष्ट मान्य केली पाहिजे की गेम खेळणारा माणूस रेंजवर अगदी कोरा येत नाही. डेझर्ट ईगलमध्ये .५० च्या सात गोळ्या बसतात, गॅरंडमध्ये आठ बसतात, हे त्याला पाठ असते आणि ते खरेही असते. गेममधून न आलेली गोष्ट म्हणजे नळीच्या तोंडाची शिस्त. गेममध्ये साथीदाराच्या पाठीवरून क्रॉसहेअर (नेमाची फुली) शंभर वेळा फिरला तरी काही बिघडत नाही. त्यामुळे पहिल्या दिवसापासून आम्ही नेमबाजीचे प्रशिक्षक जेफ कूपर यांचे चार नियम मोठ्याने म्हणूनच बाक मांडतो: प्रत्येक बंदूक भरलेलीच समजावी, जे नष्ट करायचे नाही त्यावर नळीचे तोंड येऊ देऊ नये, नेम लागेपर्यंत बोट चापावर नेऊ नये, आणि लक्ष्य कोणते व त्याच्या मागे काय आहे याची खात्री असावी. कूपर यांची गनसाइट ही प्रशिक्षणसंस्थाही आमच्याच ॲरिझोनातली, १९७६ मध्ये सुरू झालेली, त्यामुळे इथल्या रेंजवर हे नियम जुन्याजाणत्यांच्या अंगवळणी पडलेले दिसतात.

एकेबद्दल सर्वांना मोठी उत्सुकता होती. काउंटर-स्ट्राइक १.६ मध्ये एकेचा बोल्ट (काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणारा सरकता भाग) ओढायची मूठ डाव्या बाजूला दाखवली आहे, खऱ्या रायफलीवर ती उजवीकडे असते. म्हणजे उजव्या हाताने मारणाऱ्याला डावा हात रायफलीखालून किंवा वरून पलीकडे न्यावा लागतो. सेफ्टीची लांब पत्र्याची पट्टी वर केली की ती बोल्टच्या खाचेवर येते आणि बोल्ट पूर्ण मागे येत नाही. ही युक्ती इतकी साधी आणि चोख आहे की तेवढ्यासाठी ती रायफल हातात घेऊन पाहावी. पण इथे मिळणाऱ्या एके एका चापाला एकच गोळी मारणाऱ्या आहेत, कारण १९८६ च्या कायद्याने नव्या स्वयंचलित बंदुकांची सामान्य नागरिकांसाठीची नोंदणी बंद झाली. साहजिकच माउस खाली ओढत फवारा आवरण्याचे आमचे जुने कौशल्य इथे कामी येत नाही. एकेकटी गोळी मारताना एके सौम्य वाटते, साइट मात्र आखूड अंतराची आणि ढोबळ आहे. आमच्या दुसऱ्या यादीत ती मधल्या क्रमांकावर राहिली.

डेझर्ट ईगलचे थोडक्यात सांगतो. दोन किलोंच्या आसपास वजन, मोठी जाड मूठ, रायफलीसारखा वायूवर चालणारा फिरता बोल्ट आणि एका गोळीच्या किमतीत .२२ च्या पंधरा-वीस गोळ्या येतील असा खर्च. यंत्र म्हणून ते विलक्षण आहे, सरावाचे साधन म्हणून नाही. एक मॅगझिन प्रत्येकाने हौसेने मारले आणि दुसरे कोणी मागितले नाही. त्याच दिवशी भाड्याने घेतलेले १९११ चे जुन्या घाटाचे .४५ पिस्तूल मात्र चौघांनाही आवडले, कारण त्याचा चाप बिजागरीवर न फिरता सरळ मागे सरकतो आणि नेमका कुठे सुटतो ते बोटाला आधी कळते.

गॅरंडसाठी मी कितीही लिहू शकतो. दुसऱ्या महायुद्धावरचे जे गेम आमच्या पिढीने खेळले, त्यांत तिची क्लिप (गोळ्या एकत्र धरणारी पत्र्याची पकड) रिकामी होऊन उडताना येणारी टिंग सर्वांच्या कानात बसलेली आहे. १९३६ मध्ये अमेरिकी सैन्याने स्वीकारलेली, जॉन गॅरंड यांनी स्प्रिंगफील्डच्या सरकारी कारखान्यात घडवलेली ही रायफल साडेनऊ पौंडांची आहे आणि .३०-०६ चे काडतूस मारते. त्या काळातल्या काही गेममध्ये आठही गोळ्या संपल्याशिवाय ती पुन्हा भरताच येत नसे. खऱ्या रायफलीत बोल्ट मागे धरून डावीकडचा खटका दाबला की अर्धवट क्लिप बाहेर काढता येते, फक्त घाईच्या वेळी ते सोपे नाही. भरताना आठ गोळ्यांची क्लिप अंगठ्याने खाली दाबायची आणि तळव्याची कड बोल्टच्या मुठीला अडवून ठेवायची असते. क्लिप जागेवर बसताच बोल्ट सुटतो आणि अंगठा वेळेवर निघाला नाही तर तो चेमटतो. कानांवर मफ असल्याने टिंग गेममधल्याइतकी ठसठशीत ऐकू येत नाही, पण आठवी गोळी गेल्यावर क्लिप डोक्यावरून उडते तेव्हा आनंद तोच असतो. मला सर्वांत भावली ती तिची मागची साइट. तिच्या गोल चक्रीचा एक खटका म्हणजे १०० यार्डांवर सुमारे एक इंच, त्यामुळे ग्रुप कुठे बसला हे पाहून चार खटके फिरवले की पुढचा ग्रुप खरोखर चार इंच सरकतो. गोळ्या निवडताना मात्र काळजी घ्यावी. बाजारातल्या जड आणि तीव्र शिकारी गोळ्यांनी तिचा ऑपरेटिंग रॉड (बोल्ट मागे ढकलणारा दांडा) वाकू शकतो, म्हणून आम्ही गॅरंडसाठी बनवलेल्याच गोळ्या वापरतो.

कार९८के चांगली निघाली, पण तिच्या शेजारी बाकावर जी रायफल आली तिने सगळे लक्ष वेधून घेतले. आमच्यातल्या एकाने जुन्या लष्करी बंदुकांच्या दुकानातून इशापूरची २ए१ घेतली. बाहेरून ती आपल्या ओळखीची थ्री-नॉट-थ्रीच आहे. लहानपणी पोलीस चौकीबाहेर ती खांद्याला अडकवून उभा असलेला शिपाई पाहिला नाही असा आपल्या पिढीतला माणूस विरळा. ही मात्र .३०३ ऐवजी ७.६२ मिमीच्या काडतुसासाठी बनवलेली, बारा गोळ्यांच्या चौकोनी पेटीची, ८०० मीटरपर्यंतच खुणा असलेल्या साइटची. दस्त्याजवळच्या लोखंडी गळ्यावर अशोकस्तंभाचे सिंह, त्याखाली आर.एफ.आय. (रायफल फॅक्टरी इशापूर) ही अक्षरे आणि खाली १९६६ हे साल ठोकलेले आहे. दस्त्याच्या टोकाला पितळी पट्टी आहे आणि तिच्यावर वर्षानुवर्षे जमिनीवर टेकवल्याचे ओरखडे आहेत. बंगालच्या कारखान्यातून निघालेली ही रायफल कोणाकोणाच्या हातातून ॲरिझोनापर्यंत आली असेल, हा विचार आम्हा चौघांच्याही मनात आला आणि बराच वेळ आम्ही तिच्यावरच्या खुणाच पाहत होतो.

चालवण्यात ती कार९८के पेक्षा उघडपणे वेगवान आहे आणि त्याचे कारण हाताला स्पष्ट जाणवते. माउझरचा, म्हणजे कार९८के चा, बोल्ट ९० अंश उचलावा लागतो आणि उचलतानाच आतली स्प्रिंग ताणली जाते. एनफील्डचा (इशापूर त्याच घडणीची) बोल्ट ६० अंशच फिरतो आणि स्प्रिंग तो पुढे ढकलताना ताणली जाते, जेव्हा हाताचा जोर तसाही पुढच्या दिशेने असतो. त्यामुळे दस्ता खांद्यावरून न काढता आणि गाल न उचलता पुढची गोळी भरता येते. गेममध्ये दोन्ही रायफलींचा फरक नुकसानीच्या आकड्यांत आणि सेकंदांत मांडलेला असतो. इथे तो मनगटात कळतो. माझ्या दुसऱ्या यादीत इशापूर दुसऱ्या क्रमांकावर आहे आणि तिला मी भावनेपोटी तिथे बसवलेले नाही, ती त्या जागेच्या लायकीची आहे.

पहिल्या क्रमांकावर .२२ आहे. यावर गटात मोठा वाद झाला आणि माझी बाजू इथे सविस्तर मांडतो. एनसीसीच्या कॅम्पमध्ये उस्तादांनी पोटावर झोपवून .२२ च्या पाच गोळ्या दिल्या होत्या, तेव्हा आम्हा सर्वांना ती खरी रायफल हातात देण्यापूर्वीची मुलांची गोष्ट वाटली होती. आज मला तसे वाटत नाही. धक्का आणि आवाज मोठा असला की गोळी चुकण्याचे कारण त्यात बुडून जाते. बोटाने चाप खेचला, डोळे मिटले की खांदा पुढे आला, काहीच कळत नाही. .२२ मध्ये लपायला जागा नसते. चापावर बोट किंचित तिरके पडले की गोळी त्या बाजूला जाते, आणि ते दर वेळी जाते.

शिवाय गेमच्या पडद्यावर साइट आणि शत्रू एकाच वेळी स्वच्छ दिसतात, जे माणसाच्या डोळ्याला शक्यच नाही. डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्थिरावतो. माशी रेखीव ठेवायची असेल तर लक्ष्य धूसर दिसणारच आणि तसेच दिसले पाहिजे. लक्ष्याकडेच पाहत राहण्याची सवय मोडायला आम्हा गेमवाल्यांना इतरांपेक्षा जास्त वेळ लागतो, असे माझे निरीक्षण आहे, कारण आमची नजर कायम शत्रूवर खिळलेली असते. काउंटर-स्ट्राइकमध्ये गोळी क्रॉसहेअर जिथे असेल तिथे तत्क्षणी पोहोचते. ५० यार्डांवर जुळवलेली साधी .२२ मात्र १०० यार्डांवर सहा-सात इंच खाली लागते आणि ताशी दहा मैलांचा आडवा वारा तिला चार-पाच इंच बाजूला नेतो. म्हणजे मोठ्या रायफलीला जे धडे शिकवायला कित्येक पट अंतर आणि खर्च लागतो, ते ही रायफल १०० यार्डांत शिकवते. आणि जिला कमी समजतात त्याच काडतुसावर कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये ऑलिंपिकचे कांस्य मिळवले, तेही गुडघ्यावर, पोटावर आणि उभ्याने अशा तिन्ही स्थितींत.

अनेकांनी विचारले म्हणून व्हिसाबद्दल स्पष्ट लिहितो. अमेरिकेच्या फेडरल कायद्यानुसार एच-१बी सारख्या नॉन-इमिग्रंट व्हिसावर आलेल्या व्यक्तीला बंदूक किंवा गोळ्या जवळ बाळगण्यास मनाई आहे आणि रेंजवर भाड्याची बंदूक हातात घेणेही त्यातून सुटत नाही. वैध शिकार परवाना असल्यास अपवाद मिळतो, म्हणून शिकार न करणारेही अनेक जण तो काढतात. ग्रीन कार्डधारकांना ही अट नाही. मित्र घेऊन चालला आहे म्हणून कोणी गाफील राहू नये, कारण प्रश्न फक्त रेंजचा नसून पुढच्या इमिग्रेशनचा असतो. महाराष्ट्रातल्या वाचकांनी सरळ १० मीटर एअर रायफलकडे वळावे. बालेवाडीसारख्या संकुलात आणि अनेक खाजगी क्लबांत तिची सोय आहे आणि वर लिहिलेले चापाचे व नजरेचे सर्व धडे तिच्यावर तसेच्या तसे गिरवता येतात.

आता पुढचे. माझे लक्ष्य ॲपलसीड या अमेरिकेतल्या नेमबाजी प्रशिक्षण उपक्रमाच्या चाचणीत रायफलमनचा बिल्ला मिळवणे हे आहे. २५ मीटरवर लहान केलेली लक्ष्ये, एकूण ४० गोळ्या, २५० पैकी किमान २१० गुण. शेवटच्या टप्प्यातल्या पोटावरच्या दहा गोळ्यांना दुप्पट गुण असल्याने तिथे माझी बाजू भक्कम आहे. बसून मारण्याच्या टप्प्यात मध्येच मॅगझिन बदलून ५५ सेकंदांत दहा गोळ्या संपवाव्या लागतात. तिथे मॅगझिन बदलल्यावर शरीराची मूळ दिशा पुन्हा सापडणे हाच कळीचा मुद्दा आहे आणि डोळे मिटून, श्वास सोडून, मग माशी कुठे थांबते ते पाहण्याचा सराव मी घरी रिकाम्या रायफलीवर रोज करतो. सध्या एकूण गुण एकशे नव्वदीच्या घरात येतात आणि तूट जवळपास सगळी उभ्याच्या दहा गोळ्यांत आहे. उभ्याने मारताना डावे कोपर बरगडीला टेकवावे की हवेत ठेवावे, याबाबत रेंजवरच्या दोन अनुभवी लोकांनी मला परस्परविरुद्ध सल्ले दिले आहेत. उन्हाळा तापण्यापूर्वी दोन्ही पद्धतींचे कागद शेजारी ठेवून मोजणार आहे आणि पुढच्या नोंदीत त्यांची मापे देईन. ज्यांनी हा टप्पा पार केला आहे त्यांनी आपली पद्धत, रायफलीचे वजन आणि स्लिंग कशी बांधता ते जरूर कळवावे.