कोरी प्रिंट, झिजलेली कॅसेट

प्रिंट बाकावर घेतली की मी आधी चित्र पाहत नाही, कडा पाहतो. पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मला दोन्ही बाजूंनी जी छिद्रे असतात, त्यांत प्रोजेक्टरचे दात अडकतात, आणि प्रिंटचे जितके अधिक खेळ झालेले असतात तितकी ती छिद्रे झिजलेली, फाटलेली, जागोजागी चिकटपट्टीने सांधलेली सापडतात. फेब्रुवारी २०१६ मधल्या एका शुक्रवारी, न्यू जर्सीतील आमच्या एकपडदा थिएटरच्या प्रोजेक्शन रूममध्ये पांढरे सुती हातमोजे घालून मी ‘लॅबिरिंथ’ या चित्रपटाची सहा रिळे एकेक करून तपासत होतो, आणि तिसऱ्या रिळापर्यंत माझी खात्री पटली, की ही तीस वर्षांपूर्वीची प्रिंट फारशी कुणी चालवलेलीच नाही. रिळांच्या टोकांना सर्वांत जास्त हात लागतात. तिथेही दोन-तीनच जोड होते. रंग शाबूत होते. ओरखडे जवळजवळ नव्हतेच.

माझे वडील कुडाळला थिएटरात ऑपरेटर होते. गाजलेला चित्रपट मोठ्या शहरांतून फिरत फिरत आमच्याकडे पोहोचेपर्यंत त्याच्यावर इतक्या रेघा उमटलेल्या असत, की उन्हाळ्यातल्या दृश्यातही पडद्यावर पाऊस पडे. बाबा म्हणत, “पडलेल्या पिक्चरची पेटी उघडल्याबरोबर कळता, नव्या वहीसारखी कोरी असता.” त्या शुक्रवारी माझ्या हातात तशीच एक कोरी वही होती, आणि दुसऱ्या दिवशीच्या खेळाची सगळी तिकिटे मात्र चार दिवस आधीच संपलेली होती.

‘लॅबिरिंथ’ २७ जून १९८६ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झाला. त्याचे दिग्दर्शक जिम हेन्सन, म्हणजे मपेट बाहुल्यांचे जनक. कार्यकारी निर्माते जॉर्ज लुकस. गॉब्लिनांच्या, म्हणजे खोडकर बुटक्या भुतांच्या राजाच्या, जॅरेथच्या भूमिकेत गायक डेव्हिड बोवी आणि सेराच्या भूमिकेत चित्रीकरणाच्या वेळी चौदा वर्षांची असलेली जेनिफर कॉनेली. रडणाऱ्या धाकट्या सावत्र भावाला कंटाळून सेरा म्हणते, की गॉब्लिनांनी याला घेऊन जावे, आणि ते खरोखरच घेऊन जातात. मग तेरा तासांत चक्रव्यूह पार करून तिला त्याला परत आणायचे असते. चित्रपटाला सुमारे अडीच कोटी डॉलर खर्च आला आणि अमेरिकेतल्या थिएटरांतून त्याच्या निम्म्याच्या आसपास रक्कम वसूल झाली. हेन्सन यांना हे अपयश फार लागले, असे त्यांच्या मुलाने पुढे सांगितले आहे. १६ मे १९९० रोजी ते गेले. त्यांनी दिग्दर्शित केलेला हा शेवटचाच पूर्ण लांबीचा चित्रपट ठरला.

तो का पडला, याचा विचार मी रिळे गुंडाळता गुंडाळता करत होतो, कारण थिएटरच्या धंद्यात राहून मला त्यातले अर्धे उत्तर रोजच दिसते. त्या उन्हाळ्यात ‘टॉप गन’ मे महिन्यापासून पडद्यांवर ठाण मांडून होता, ‘कराटे किड’चा दुसरा भाग आठवडाभर आधीच आला होता, आणि चित्रपटाचा निकाल पहिल्या शनिवार-रविवारच्या गल्ल्यावर लागतो, सोमवारी आकडे आले की मालक ठरवतो, पुढच्या शुक्रवारी पडदा कुणाला द्यायचा. पण इतर चित्रपटांची गर्दी हे संपूर्ण उत्तर नव्हे. हा चित्रपट कुणासाठी आहे, हे जाहिरातीवरून कुणालाच नीट कळले नसावे. बाहुल्या म्हणून लहान मुलांना घेऊन आलेले आईवडील त्यातल्या अंधाराने बिचकले असतील, आणि ज्या वयाच्या मुलीची ही गोष्ट आहे त्या वयाच्या मुलांना बाहुल्यांचा सिनेमा पाहायला जाणे कमीपणाचे वाटले असेल. शिवाय कथा सरळ धावत नाही, ती प्रत्येक वळणावर रेंगाळते. एकदाच पाहणाऱ्याला ते विस्कळीत वाटते.

मला मात्र ते रेंगाळणे हीच या चित्रपटाची दौलत वाटते. चौथे रीळ तपासताना मी होगलच्या एका चौकटीपाशी थांबलो. हा सुरकुतलेला, कुरकुरा बुटका सेराचा वाटाड्या आहे. त्याच्या पोशाखाच्या आत शारी वाइझर नावाच्या कलावती होत्या, पण चेहरा त्यांच्या ताब्यात नव्हता. तो बाहेरून जिम यांचे चिरंजीव ब्रायन हेन्सन आणि आणखी तीन कलावंत रेडिओच्या साहाय्याने हलवत होते, म्हणजे एका बाहुलीचा एक विचार पाच माणसांनी मिळून करायचा होता. जॅरेथच्या बोटांवरून फिरणारे स्फटिकगोळेही असेच. तो हात मायकेल मोशेन या कलाकाराचा होता, आणि बोवी यांच्या पाठीमागे दडून, हातातला गोळा डोळ्यांना दिसत नसताना तो त्यांनी खेळवला. पिंगुळीच्या ठाकरांच्या कळसूत्री बाहुल्या पाहत मी वाढलो. सूत्रधाराचे हात समोर दिसत असूनही थोड्या वेळाने ते दिसेनासे होतात, तेव्हा पाहणारा काय अनुभवतो हे मला ठाऊक आहे. भिंगातून मला होगलच्या गालावरची एकेक सुरकुती दिसत होती आणि त्यामागच्या एकाही हाताचा मागमूस नव्हता.

शनिवारी रात्री सभागृह गच्च भरले. बोवी १० जानेवारीला गेले होते आणि त्यांच्या आठवणीसाठी हा खेळ ठेवलेला होता. आमच्या व्यवस्थापिकेने सुरुवातीला विचारले, की हा चित्रपट याआधी थिएटरात कुणी कुणी पाहिला आहे. साडेतीनशे माणसांत नऊ हात वर झाले. बाकीची बहुतेक मंडळी तिशी-चाळिशीतली होती, म्हणजे १९८६ साली लहान होती किंवा नुकतीच जन्मली होती, आणि त्यांनी हा चित्रपट घरी, व्हिडिओ कॅसेटवर, कित्येकदा पाहिलेला होता.

पडद्याच्या दोन्ही बाजूंचे काळे कापड सरकून पडदा रुंद झाला तेव्हा मला जे ऐकू आले, ते मी विसरणार नाही. हा चित्रपट रुंद चौकटीत चित्रित झालेला आहे. जुन्या टीव्हीच्या जवळजवळ चौकोनी पडद्यात बसवण्यासाठी कॅसेटवर त्याचा चाळीस टक्क्यांहून अधिक भाग कापला जात असे. ज्या चित्रपटावर या माणसांनी आयुष्यभर प्रेम केले, तो त्यांनी पूर्ण पाहिलेलाच नव्हता. चौकटीच्या कडेला एखादा गॉब्लिन हलला की सभागृहातून नवल वाटल्याचा हलका आवाज येई. शेवटच्या रिळात डच चित्रकार एशरच्या चित्रावरून रचलेला, वर-खाली कळू न देणारा जिन्यांचा महाल येतो; तो या टोकापासून त्या टोकापर्यंत उलगडला तेव्हा मात्र सारे चिडीचूप झाले. आणि मग सेरा जॅरेथसमोर उभी राहिली. सुरुवातीला तालीम करताना तिला जे वाक्य आठवत नाही, ते आता तिला आठवायचे असते. ती बोलण्याआधीच सभागृह हलक्या आवाजात बोलले, की तुझी माझ्यावर काहीही सत्ता नाही. त्यात उनाडपणा नव्हता. माणसे प्रार्थना म्हणावी तशी ते म्हणत होती.

खेळ संपल्यावर एक बाई आपल्या दहाएक वर्षांच्या मुलीला घेऊन वर आल्या. त्यांच्या पर्समध्ये कॅसेट होती. गावातले व्हिडिओ दुकान बंद पडले तेव्हा त्यांनी ती विकत घेतली होती. लहानपणी दर शुक्रवारी तीच भाड्याने आणायचा त्यांचा हट्ट असे. खोक्याचे पुठ्ठे उन्हाने निळसर पडले होते आणि ‘रिवाइंड करून परत करा’ या स्टिकरची अर्धीच अक्षरे उरली होती. नाचाच्या प्रसंगापाशी आता नुसते पांढरे ठिपकेच दिसतात, असे त्या म्हणाल्या. ते साहजिक होते. टेप एका जागी थांबवून ठेवली की व्हीसीआरचे फिरते हेड तिथेच घासत राहते आणि चित्र धरून ठेवणारा थर खरवडला जातो. कॅसेटच्या छोट्या पारदर्शक खिडकीतून मी ती टेप पाहिली. कडा चुरगळल्या होत्या, आणि असे झिजलेले रूप मी एखाद्या सुपरहिटच्या प्रिंटमध्येच पाहिले होते. बाबांना दाखवली असती, तर हा चित्रपट रौप्यमहोत्सवी झाला, असेच ते म्हणाले असते.

मुलीला फिल्म पाहायची होती. मी तिला दिव्याच्या काचेवर होगलची चौकट दाखवली. रुंद पडद्याचे चित्र फिल्मवर आडवे दाबून छापतात, त्यामुळे तो वेलीवरच्या दोडक्यासारखा लांब दिसत होता. तो इतका बारीक का, असे तिने विचारले, तेव्हा मी तिला प्रोजेक्टरचे ते जाड भिंग दाखवले, जे त्याला पुन्हा रुंद करते. तिने भिंगाला हात न लावता बराच वेळ आत पाहिले.

“पुन्हा कधी आहे?” तिने आईला नव्हे, मला विचारले.

“उद्या दुपारी दोन वाजता,” मी म्हणालो, आणि पहिले रीळ उलटे गुंडाळायला घेतले.