उशिरा पोहोचलेली वजने

उसाने भरलेली ट्रॉली काट्यावर उभी असताना बाहेरच्या लाल अंकांच्या फलकावर एक वजन दिसावे आणि आत लिपिकासमोरच्या संगणकावर दुसरेच दिसावे, असे ऐन गळीत हंगामात घडले तर त्याचा अर्थ काय लावला जातो, हे कोल्हापूर-सांगली भागात वाढलेल्या कुणालाही समजावून सांगावे लागत नाही. काटामारी, म्हणजे वजनात केलेली फसवणूक, हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आले आहे. आमच्या घरचा ऊसही कारखान्याला जातो आणि पावतीवरचा आकडा वडील दोनदा वाचून मगच ती घडी करून खिशात ठेवतात. म्हणून गेल्या हंगामात जानेवारीत एका कारखान्यावरून अशी तक्रार आली आणि तिच्या मुळाशी आम्ही बनवलेले उपकरण असण्याची शक्यता दिसली, तेव्हा ती माझ्यासाठी नेहमीची तक्रार राहिली नाही.

ते उपकरण साधेच आहे. वजनकाट्याच्या इंडिकेटरकडून सिरियल तारेवरून येणारा आकडा ते घेते, त्याला अनुक्रमांक जोडते आणि दर सेकंदाला एक छोटे यूडीपी पॅकेट (पोच न मागता पाठवलेला माहितीचा तुकडा) इथरनेटवरून सर्वांसाठी प्रसारित करते. काट्याच्या खोलीतला संगणक ते पॅकेट ऐकतो, शेवटचा आलेला आकडा पडद्यावर दाखवतो आणि प्रत्येक पॅकेट आपल्या नोंदवहीत लिहून ठेवतो. उपकरणात लिनक्स चालते. त्यातील नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, मूळचा दुसरीकडून आलेला होता, पण गेली दोन वर्षे त्याची देखभाल पुण्यातल्या आमच्या छोट्या गटात मीच करत होते.

तक्रार अशी होती की केबल एकदा सुटून पुन्हा लावली की त्यानंतर आकडे मध्येच थांबतात, मध्येच सुरू होतात. आम्ही पुण्यात तेच उपकरण टेबलावर ठेवून पन्नासएक वेळा केबल काढली आणि लावली, प्रत्येक वेळी वेगाची चाचणी घेतली, आणि १०० मेगाबिटच्या जोडणीवर प्रत्येक वेळी वेग नव्वदीच्या पुढेच मिळाला. दोष केबलचा असावा असे ठरवून आम्ही नवी केबल पाठवली. आठ दिवसांनी तीच तक्रार पुन्हा आली, तेव्हा मी रात्रीची बस धरली.

काट्यावरचे लिपिक निवृत्तीला आलेले गृहस्थ होते. त्यांनी काही न बोलता आधी माझ्यासमोर एक वही ठेवली. गेले बारा दिवस ते प्रत्येक वाहनाचे वजन बाहेरच्या फलकावरून वाचून हाताने लिहीत होते, शेजारी संगणकावरचा आकडा लिहीत होते, आणि जिथे फरक पडला तिथे लाल शाईने खूण करत होते. "वायर काढून परत लावली की कधी बरं चालतंय, कधी जास्तच बिघडतंय, मॅडम," ते म्हणाले. "आणि बिघडलं की मागच्या गाडीचं वजन फुडच्या गाडीला दिसतंय. हे काय मला बरं वाटंना." त्यांच्या वाक्यातला हा शेवटचा भाग आमच्यापर्यंत पोहोचलेल्या तक्रारीत कुठेच नव्हता.

काट्याखाली ट्रॉल्यांचे हादरे बसत असल्यामुळे आणि केबलच्या टोकाची क्लिप तुटलेली असल्यामुळे जोडणी सुटत होती, हे लगेच दिसले. पण केबल सुटणे हा ड्रायव्हरचा दोष नव्हे. ती परत लागल्यावर सगळे पूर्ववत झाले पाहिजे, आणि वरवर पाहता ते होतही होते. सॉकेटवरचा दिवा लागत होता, कार्डाची स्थिती सांगणारे एथटूल १०० मेगाबिट आणि फुल डुप्लेक्स (एकाच वेळी दोन्ही दिशांना वाहतूक) दाखवत होते, कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, लॉगमध्ये जोडणी गेली आणि आली या दोन ओळींपलीकडे काही नव्हते. पाठवण्याची रांग थांबवलेली असताना ती ठरावीक काळ, सहसा ५ सेकंद, पुढे सरकली नाही तर लिनक्सचा पहारेकरी, म्हणजे अशा अडकलेल्या रांगेवर नजर ठेवणारा भाग, लॉगमध्ये ओरडतो. इथे तो गप्प होता, म्हणजे कर्नलच्या दृष्टीने रांग थांबलेलीच नव्हती.

उपकरण आणि संगणक यांना जोडणाऱ्या स्विचच्या एका पोर्टवर मी उपकरणाच्या पोर्टवरच्या वाहतुकीची नक्कल घेतली आणि तिथे लॅपटॉप लावला. उपकरणावर पॅकेट्स टिपणारे टीसीपीडम्प चालवले तर दर सेकंदाला पॅकेट बाहेर पडताना दिसत होते, पण लॅपटॉपवर काहीच येत नव्हते. उलट दिशेने मी पाठवलेले पिंग (उत्तर मागणारे पॅकेट) उपकरणाला व्यवस्थित मिळत होते, तिथे त्याचे उत्तरही तयार होत होते, आणि ते उत्तर मात्र तारेवर उमटत नव्हते. घेणे शाबूत होते, पाठवणे अडकले होते. इंटरफेस, म्हणजे उपकरणाची नेटवर्क जोडणी, बंद करून पुन्हा चालू केला की सगळे सुरळीत होत होते. फोनवर माझ्या वरिष्ठांनी सुचवले की केबल परत लागल्यावर इंटरफेस आपोआप बंद-चालू करणारी स्क्रिप्ट बसवावी आणि परत यावे. हंगाम कुणासाठी थांबत नाही, त्यामुळे ही सूचना अयोग्य नव्हती. पण वहीतल्या लाल खुणांचा उलगडा तिने होत नव्हता. जे पॅकेट बाहेरच पडत नाही, त्यामुळे पडदा गोठेल. मागच्या गाडीचे वजन नव्याने कुठून येईल?

म्हणून मी केबल काढून लावली आणि कशालाही हात न लावता एक तास नुसते टिपून घेतले. त्या तासाने सगळे सांगितले. उपकरण जवळजवळ दोन मिनिटे गप्प राहिले, मग आपोआप बोलू लागले, दर सेकंदाला एक पॅकेट, अगदी निरोगी. सव्वादोन मिनिटांनी एकाएकी शंभरावर पॅकेट्सचा लोंढा आला, सेकंदाच्या शंभराव्या भागाच्याही आत, आणि पुन्हा शांतता. हेच चक्र परत परत. मी अनुक्रमांक तपासले. केबल सुटलेली असतानाचे सेकंद सोडले तर एकही पॅकेट हरवलेले नव्हते. शांततेच्या काळातली सगळी पॅकेट्स त्या लोंढ्यात होती, फक्त ती आपल्यानंतरच्या पॅकेट्सच्या मागून आली होती. लोंढ्यातले शेवटचे पॅकेट सव्वादोन मिनिटे जुने असे, त्यानंतर लगेच शांतता सुरू होत असे, आणि पडदा पुढची दोन मिनिटे त्या जुन्या आकड्यावर गोठून राहत असे. तोवर काट्यावर दुसरी ट्रॉली चढलेली असे. लिपिकांच्या लाल खुणांचे कारण हेच होते.

मग मी मोजणी केली. प्रत्येक चक्रात वेळेवर आलेली पॅकेट्स १३७ होती आणि लोंढ्यातली ११९. केबल पुन्हा काढून लावली, तेव्हा हे आकडे ४१ आणि २१५ झाले. तिसऱ्या वेळी काय येते ते पाहण्याआधीच मी दोन्ही बेरजा वहीच्या समासात केल्या होत्या. दोन्ही वेळा उत्तर २५६ होते, आणि २५६ हा आकडा मला पाठ होता, कारण आमच्या ड्रायव्हरच्या पाठवण्याच्या रिंगमध्ये तितकेच खण आहेत.

ही रिंग म्हणजे मेमरीत ठेवलेली खणांची वर्तुळाकार रांग. ड्रायव्हर एका खणात पॅकेटचा पत्ता लिहितो, हा खण आता हार्डवेअरच्या मालकीचा अशी खूण एका बिटने करतो, आणि नेटवर्क कार्डावरच्या चिपला जागे करतो. चिप तिच्या मते पुढचा असलेला खण पाहते, तो आपल्या मालकीचा दिसला तर पॅकेट तारेवर सोडते, खूण पुसते आणि पुढे सरकते. पुढचा खण कोणता, हे ड्रायव्हर आपल्या जागी लक्षात ठेवतो आणि चिप आपल्या जागी. दोघांनी एकमेकांना विचारण्याची सोय नाही आणि एरवी गरजही पडत नाही, कारण दोघेही शून्यापासून निघतात आणि एकेक पाऊल टाकतात.

समजा, केबल परत लागल्यावर चिप पुन्हा शून्याव्या खणापाशी जाऊन उभी राहिली आणि ड्रायव्हर मात्र १३७ व्या खणापाशीच राहिला. ड्रायव्हर १३७, १३८ असे खण भरत जातो, दर वेळी चिपला उठवतो, चिप शून्यावा खण रिकामा पाहून पुन्हा झोपते. ११९ पॅकेट्सनंतर ड्रायव्हर वळसा घालून शून्यावर येतो आणि तिथून पुढची १३७ पॅकेट्स वेळेवर जातात. मग चिप १३७ व्या खणाशी पोहोचते, तिथून पुढचे ११९ खण भरलेलेच असतात, ती सगळे एका दमात सोडते आणि परत शून्यावर येऊन थांबते. ड्रायव्हर त्या वेळी पुन्हा १३७ वर असतो. चूक स्वतःहून कधीच दुरुस्त होत नाही, आणि रांग क्षणभरापेक्षा जास्त भरलेली राहत नसल्यामुळे पहारेकरीही जागा होत नाही.

तर्क कितीही जुळला तरी तो तपासल्याशिवाय मला पुढे जायचे नव्हते. उपकरण थेट लॅपटॉपला जोडले, वजनाचा प्रोग्रॅम बंद केला, इंटरफेस नव्याने चालू केला, मोजून २०० पॅकेट्स पाठवली आणि केबल काढून लावली. शांतता ५६ पॅकेट्सची असायला हवी होती, आणि ५६ चीच आली. ड्रायव्हरने सुपूर्द केलेल्या पॅकेट्सचा आकडा आणि चिपने प्रत्यक्ष पाठवल्याचा तिचा स्वतःचा आकडा यांतले अंतर एकेकाने वाढत ५६ वर गेले, तिथे स्थिरावले, आणि लोंढा येताच शून्य झाले. मग मोजून २५६ पाठवली आणि केबल काढली, तेव्हा दोष दिसलाच नाही. ड्रायव्हरही त्या वेळी शून्यावरच होता. केबल काढून लावल्यावर लिपिकांना कधी बरे, कधी वाईट का दिसत होते, हेही इथे उलगडले.

चिप शून्यावर का जाते, याचे उत्तर तिच्या माहितीपुस्तिकेत एका टिपेत होते. पाठवणारा भाग बंद केला की त्याचा रिंगमधला निर्देशक, म्हणजे पुढचा खण कोणता याची नोंद, यादीच्या सुरुवातीला परत जातो, घेणारा भाग बंद केल्यावर मात्र तसे होत नाही. पूर्वी दोनदा वाचूनही ती टीप माझ्या मनात राहिली नव्हती. आणि जोडणी जाताच पाठवणारा भाग बंद करायचा, परत आल्यावर वेग ठरवून तो चालू करायचा, ही सुधारणा सात महिन्यांपूर्वी मीच केली होती. चालू स्थितीत वेग बदलू नये असे तीच पुस्तिका सांगते आणि त्यामुळे सुधारणा योग्यही होती, पण अर्धी होती. हे मी वरिष्ठांना त्याच संध्याकाळी फोनवर सांगितले आणि नंतर बदलाच्या नोंदीतही लिहिले.

पुण्यात दोष का सापडला नाही, हेही मला नीट समजून घ्यायचे होते. वेगाच्या चाचणीत सेकंदाला सुमारे आठ हजार पॅकेट्स जातात, म्हणजे संपूर्ण रिंगचा वळसा सेकंदात तीसएक वेळा होतो आणि शांतता डोळ्यांना किंवा वेगाच्या आकड्याला जाणवतच नाही. क्रम बिघडलेल्या पॅकेट्सची संख्या चाचणीच्या अहवालात छापलेली होती. आम्ही फक्त वेग आणि हरवलेली पॅकेट्स पाहत होतो.

दुरुस्ती करताना दोन वाटा होत्या. रिंगमध्ये उरलेली पॅकेट्स टाकून न देता शून्यापासून पुन्हा रचून घ्यायची, म्हणजे एकही हरवणार नाही. किंवा जोडणी परत येताच वरून येणारी पॅकेट्स क्षणभर थांबवायची, रिंगमध्ये उरलेले सगळे टाकून द्यायचे, ड्रायव्हरचे निर्देशकही शून्यावर आणायचे आणि मगच पाठवणारा भाग चालू करायचा. मी दुसरी वाट घेतली. वजनाच्या बाबतीत हरवलेल्या पॅकेटने फार तर एका सेकंदाचा आकडा चुकतो, उशिरा आलेल्या पॅकेटने मात्र एकाचा ऊस दुसऱ्याच्या नावावर चढतो. त्याच कारणाने संगणकावरच्या प्रोग्रॅममध्येही बदल मागून घेतला, की मागे गेलेला अनुक्रमांक दाखवायचा नाही आणि ५ सेकंद नवा आकडा आला नाही तर पडदा कोरा करायचा.

रात्री कारखान्याच्या विश्रामगृहात मी नवा ड्रायव्हर बांधला आणि स्विचचा पोर्ट ४०० वेळा बंद-चालू करणारी स्क्रिप्ट लावून ठेवली. सकाळी नोंद पाहिली तेव्हा एकदाही क्रम बिघडला नव्हता. दहाच्या सुमारास काट्यावर भरलेली ट्रॉली उभी असताना मी लिपिकांना म्हटले, "काका, तुम्हीच काढा केबल." त्यांनी ती काढली, पडदा कोरा झाला. परत लावली, दोन-तीन सेकंदांत बाहेरच्या फलकावरचाच आकडा आत उमटला. त्यांनी ते आणखी चार वेळा केले.

मग ते आपली वही घेऊन बसले आणि मी संगणकावरची नोंदवही उघडली. पॅकेट्स उशिरा आली असली तरी पोहोचली सगळी होती आणि प्रत्येकावर अनुक्रमांक होता, त्यामुळे बारा दिवसांतल्या प्रत्येक वजनाची खरी वेळ परत बसवता येत होती. दुपारपर्यंत आम्ही एकेक पावती ताडून पाहिली. ते वाहन क्रमांक वाचत, मी क्रमाने लावलेल्या यादीतला आकडा सांगत असे. लाल खुणा असलेल्या बहुतेक पावत्या त्यांनी त्याच दिवशी हाताने दुरुस्त केल्या होत्या. चार निसटल्या होत्या, दोन जादा वजनाच्या आणि दोन कमी. त्या चार खातेदारांची नावे त्यांनी वेगळ्या कागदावर लिहिली, शेजारी टनांतला फरक लिहिला, आणि तो कागद घेऊन ते स्वतः शेती विभागाच्या कार्यालयाकडे चालत गेले.