दर्या की दऱ्या

जुलैचा शेवटचा आठवडा. मासेमारीची बंदी ३१ जुलैपर्यंत, त्यामुळे मिरकरवाड्यात बोटी अजून नांगरलेल्याच होत्या. रत्नागिरीतल्या आमच्या छापखान्यात मात्र सकाळपासून मशीन चालू होतं, कारण तांडेलकाकांचं पहिलं पुस्तक छपाईला गेलं होतं. वय बहात्तर. चाळीस वर्षं बोट चालवली, आणि गेल्या सहा वर्षांत शाळेच्या वह्यांत ते सगळं लिहून काढलं.

आमच्याकडे येण्याआधी ते दोन ठिकाणी जाऊन आले होते. एका ठिकाणी त्यांना आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाच्या ओळख नंबराचे म्हणून वेगळे पैसे सांगितले. मला याचा फार राग येतो. हा नंबर दिल्लीची राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सी देते आणि सरकार त्याचा एक पैसाही घेत नाही. दुसऱ्या ठिकाणी त्यांचे शब्द बदलायला सांगितले. अष्टमीच्या सुमाराला भरती-ओहोटीचा जोर कमी असतो, त्याला इथे भांग म्हणतात. ‘भांग’ वाचून वाचकाला भलतंच वाटेल, असं त्यांचं म्हणणं. काका वह्या पिशवीत घालून परत आले.

मी इथे अक्षरजुळणी करते, मुद्रितंही तपासते. त्यांच्या पुतण्याने निम्मा मजकूर आधीच कुठल्याशा जुन्या फाँटात टाइप केला होता. तो युनिकोडमध्ये आणताना व्हायचं तेच झालं, ‘वाऱ्यावर’चं सगळीकडे ‘वार्यावर’ झालं. डोक्यावरचा रफार आणि मराठीतला तो आडवा अर्धा र यांतला फरक त्या रूपांतरात पुसला जातो. पाचशेच्या वर जागा होत्या. मी एकदम सगळीकडे ‘र्या’चं ‘ऱ्या’ करून टाकलं. मग ‘सूर्यास्त’, ‘कार्यालय’, ‘पर्याय’ असे बिघडलेले शब्द शोधून शोधून सरळ केले. शब्दतपासणी लावली, लाल रेघ कुठेच नाही. निर्धास्त झाले.

पुस्तक १४४ पानी, डेमी आकाराचं, म्हणजे सोळा-सोळा पानांचे नऊ फॉर्म. प्रती तीनशे. काकांच्या मनात हजार होत्या, पण लोकांच्या घराच्या माळ्यावर न खपलेल्या पुस्तकांचे वाळवी लागलेले गठ्ठे मी पाहिलेत, म्हणून मीच त्यांना अडवलं होतं. पावसाळ्यात आमच्याकडे कागद हवेतलं पाणी ओढतो, कडा लाटेसारख्या वर येतात. रीम आम्ही अगदी मशीनवर लावायच्या वेळीच फोडतो. अकरा वाजेपर्यंत दोन फॉर्म दोन्ही बाजूंनी छापून झाले होते.

तेवढ्यात काका छत्री मिटत आत आले. आपलं पुस्तक छापताना त्यांना बघायचं होतं. मी एका हातात मुखपृष्ठाचा नमुना दिला, दुसऱ्या हातात ताजा कागद. शाई ओली होती म्हणून त्यांनी तो कडेने धरला, बोट न टेकवता ओळीवरून फिरवत वाचू लागले. बराच वेळ गेला. मग त्यांनी मुखपृष्ठाकडे पाहिलं, परत कागदाकडे पाहिलं.

“बाय,” ते हळूच म्हणाले, “ह्या डोंगरातल्या दऱ्या गो. ह्यो आमचा दर्या नाय.”

माझ्या पोटात खड्डा पडला. मुखपृष्ठ वेगळं जुळवलेलं, म्हणून तिथे ‘दर्या’ शाबूत होता. आत मात्र एकूण एक दर्याची दरी झाली होती. ‘दऱ्या’ हाही मराठीतला खरा शब्द, म्हणून यंत्राने हूं की चूं केलं नाही, आणि प्रुफं वाचताना माझा डोळाही त्यावरून सरकून गेला. मी मोजलं, १२७ ठिकाणी. पहिल्याच पानावर ‘दऱ्या शांत दिसतो तेव्हा तांडेलाने डोळा लावू नये’ असं छापलं होतं.

मालकांनी मशीन थांबवलं. सहाशे कागद आणि चार प्लेटा वाया गेल्या. माझ्या पगारातून कापा असं मी म्हणाले, तर त्यांनी हातानेच गप्प बस अशी खूण केली आणि काकांना म्हणाले, “चूक आमची, कागद आमचा. तुम्ही फक्त आज इथेच थांबा.”

मग आम्ही दोघं पुस्तक वाचायला बसलो. मी मोठ्याने वाचायची, काका डोळे मिटून ऐकायचे. दोनला वीज गेली, खिडकीशी सरकलो. पावसाने अंधारून आल्यावर बॅटरी घेतली. त्या वाचनात दर्यापलीकडचंही बरंच निघालं. त्यांनी ‘वारा पडला’ लिहिलेलं मी पाच ठिकाणी ‘वारा थांबला’ केलं होतं. भाषा सुधारल्याच्या समाधानात केलं होतं. काकांनी डोळे उघडले.

“वारा थांबत नाय, पडतो. थांबतो तो माणूस.”

पाचही ठिकाणी मी त्यांचा वारा परत ठेवला. उधाण आणि भांग यांवरचं प्रकरण वाचताना त्यांचे ओठ माझ्याबरोबर हलत होते; वहीतलं सगळं त्यांना पाठ होतं, फक्त दुसऱ्याच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. शेवटचं पान रात्री साडेआठला संपलं. तेव्हापासून लेखकाला समोर बसवून वाचल्याशिवाय मी नव्या माणसाचं पहिलं पुस्तक मशीनवर जाऊ देत नाही. कितीही घाई असो.

नारळी पौर्णिमेच्या दोन दिवस आधी प्रती बांधून आल्या. पहिली प्रत काकांनी १८२८ साली स्थापन झालेल्या आमच्या नगर वाचनालयात स्वतः नेऊन दिली. आणखी चार पाठवायच्या होत्या. १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकाने पुस्तक निघाल्यापासून तीस दिवसांत पदरखर्चाने चार ग्रंथालयांना प्रती द्यायच्या असतात. कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, मुंबईची एशियाटिक सोसायटी, चेन्नईचं कोन्नेमारा आणि दिल्ली सार्वजनिक ग्रंथालय. पुस्तक काकांनी स्वतःच काढलेलं, म्हणजे प्रकाशकही तेच. चारही पाकिटांवर पत्ते त्यांनी आपल्या हाताने, मी सांगेन तसे, सावकाश लिहिले.

पोस्टात पाकिटं देताना त्यांनी दिल्लीचं तेवढं बाजूला काढलं, कडेची चिकटपट्टी पुन्हा एकदा अंगठ्याने दाबली.

“हे नीट पोचव, बाय,” म्हणाले. “तिकडं दर्या नाय.”