संकरित मांजर घेताय? आधी पिढी मोजा

अमेरिकेत सॅव्हाना किंवा बेंगाल मांजर घेताना लोक ठिपके बघतात, कायदा पिढी बघतो. आफ्रिकेतला सर्व्हल नावाचा रानमांजराचा प्रकार आणि पाळीव मांजरी यांचं पिल्लू ही सॅव्हानाची एफ-१ पिढी, तिचं पाळीव बोक्यापासून झालेलं पिल्लू एफ-२, आणि असंच पुढे. बेंगालच्या मुळाशी आशियातलं बिबट मांजर असतं. एफ-१ मादी पुन्हा सर्व्हलकडून गाभण राहिली, तर पिल्लं परत एफ-१च धरली जातात.

हवाईत दोन्ही जातींना सरसकट बंदी आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये मागच्या ३ पिढ्यांत रानमांजर चालत नाही. न्यूयॉर्क राज्याला रानमांजराशिवायच्या किमान ५ पिढ्या लागतात, आणि न्यूयॉर्क शहराच्या आरोग्य संहितेत तर अशा संकरांना मनाईच. त्यामुळे न्यू जर्सीतून मॅनहॅटनला बिऱ्हाड हलवताना नुसता राज्याचा कायदा वाचून भागत नाही. २०२२ चा केंद्रीय कायदा वाघ, सिंह, बिबट्या, चित्ता अशांपुरता आहे. सर्व्हल त्यात नाही.

इतकी कडक भूमिका का, याचं एक ठोस कारण रेबीज आहे. अमेरिकेत रेबीजची लस पाळीव मांजरासाठी मंजूर आहे, संकरितांसाठी नाही. पाळीव मांजर कोणाला चावलं तर त्याला १० दिवस नजरेखाली ठेवतात. संकरित प्राण्याच्या लाळेतून विषाणू किती दिवस बाहेर पडतो याची खात्री नसल्यामुळे हा नियम त्याला लावता येत नाही, आणि मेंदू तपासण्यासाठी मांजराला मारण्याची वेळ येऊ शकते. लस टोचली असली तरीही. विकणारे हे क्वचितच सांगतात, आणि मला ते अक्षम्य वाटतं.

म्हणून आगाऊ रक्कम देण्याआधी ५ पिढ्यांची वंशावळ हातात घ्या. इंटरनॅशनल कॅट असोसिएशनच्या नोंदणीत ‘एसबीटी’ (स्टड बुक ट्रॅडिशनल) असेल, तर आईबाप, आजीआजोबा आणि पणजीपणजोबा सगळे त्याच जातीचे. ‘एफ-५ आहे हो’ या तोंडी भरवशाला काही अर्थ नाही. ठिपक्यांवरून पिढी कोणालाच ओळखता येत नाही.

मांजर घेऊन भारतात परतायचं असेल, तर ४ पिढ्यांच्या आत रानमांजर असलेल्या संकराला साइटीस हा वन्य प्राण्यांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार लागू होतो. त्याचा निर्यात परवाना अमेरिकेच्या मत्स्य व वन्यजीव सेवेकडून घ्यावा लागतो, आणि तिथेही पहिल्यांदा वंशावळच मागतात.