बाईंचा 'कॉन्ट्युमेशस'

सुवर्णमहोत्सवी अंकासाठी आठवण मागितली की बहुतेक जण स्नेहसंमेलन नाहीतर मैदान निवडतात. मी एक शब्द निवडतोय. आमच्या इंग्रजीच्या बाई आज्ञा न पाळणाऱ्यांची प्रतवारी लावायच्या आणि त्यात सगळ्यात वरचा मान 'कॉन्ट्युमेशस'ला असायचा.

तो सहजी कोणाला मिळत नसे. गृहपाठ विसरला, ऐकूच आलं नाही, असल्या कारणांनी कोणी त्या पदाला पोचत नाही, असं त्या म्हणत. एकदा 'ऊठ' म्हटल्यावर आमच्यातल्या एकाने बाईंकडे नीट पाहिलं, पेनाला टोपण लावलं आणि बसूनच राहिला. बाई भडकल्या, पण आधी फळ्यावर शब्द लिहिला! हुकूम देणाऱ्याला तसा अधिकार हवा, हुकूम कानावर पडलेला हवा, आणि तरी तो मुद्दाम धुडकावलेला हवा. त्यामुळे न उघडणाऱ्या कुलपाला किंवा अडून बसलेल्या गाढवाला हा शब्द लागत नाही. गाढवासाठी 'रिकॅल्सिट्रंट' आहे. त्याच्या लॅटिन मुळात टाच आहे, म्हणजे लाथा झाडणंच.

कॉन्ट्युमेशसचंही घराणं लॅटिन, 'कॉन्टुमाक्स'. बहुधा फुगण्याच्या त्याच क्रियापदावरून, ज्यातून ट्यूमर आला. पण शब्द मोठा झाला तो कोर्टात. रोमन कायद्यात बोलावणं पोचूनही हजर न होणारा तो कॉन्टुमाक्स. इंग्लंडमध्ये चर्चच्या कोर्टाला न जुमानणाऱ्याला धर्मबहिष्कृत करत; १८१३च्या कायद्याने त्याऐवजी त्याला कॉन्ट्युमेशस ठरवून तुरुंगात धाडायची सोय केली. अमेरिकेच्या १९३५च्या कामगार संबंध कायद्यातही समन्स नाकारण्याच्या शेजारी 'कॉन्ट्युमसी' बसलेली आहे. (विशेषणात जोर 'मे'वर, नामात थेट पहिल्या अक्षरावर. यावरून बाईंनी आम्हाला पुरतं पिदडलं.)

'कॉन्ट्युमली'शी मात्र गल्लत नको. ती म्हणजे उर्मट, अपमानास्पद वागणूक. हॅम्लेटच्या प्रसिद्ध स्वगतात गर्विष्ठाच्या तोंडून सोसावी लागते ती. मराठीतला 'मुजोर' दोन्हीकडे चालतो, म्हणून आपण घसरतो. टोपणवाल्याने एक वावगा शब्द उच्चारला नव्हता, तरी तो पक्का कॉन्ट्युमेशस.

एरवीच्या बोलण्यात हा शब्द आणू नये, असं माझं मत. निकालपत्रात, शिस्तभंगाच्या अहवालात तो शोभतो. घरच्या हट्टी पोराला 'स्टबर्न' पुरे.